राणी मेली तरी वारूळ चालू राहिलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला पाच जणांचा ग्रुप, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या कॅरेक्टर घेऊन, फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती (2014ची पुस्तकं), लेव्हल 4. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, पेशवाईच्या धाटणीच्या काल्पनिक पुण्यात चालतं. शहराला पाणी देणाऱ्या कात्रजच्या नळात (दगडी भुयारी पाटात) मांजराएवढ्या मुंग्यांनी घर केलंय. दोनच सेशन झाली आणि प्लेयर म्हणायला लागले, "राणी शोधू, मारू, विषय संपला." डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) तक्रार अशी की मुंग्या म्हणजे नुसत्या हिट पॉइंटच्या (मरेपर्यंत सोसता येणाऱ्या माराच्या आकड्याच्या) गोण्या झाल्यात. सायन्स फिक्शनमधलं हाइव्ह माइंड (अनेक शरीरांचं सामायिक मन) आणून त्यांना धार कशी आणायची, असं विचारलंय.

आधी प्लेयरांची बाजू घेतो. मुंग्यांबद्दल तुम्ही आतापर्यंत जे दाखवलंत, त्यावरून निघणारी सगळ्यात शहाणी योजना हीच आहे. मुंग्या दुबळ्या आहेत असं नाही. वारूळ निर्णय कसा घेतं, हे तुमचं अजून ठरलेलं नाही, म्हणून हिट पॉइंट वाढवण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही. 'हाइव्ह माइंड' हे दोन शब्द स्टॅट ब्लॉकवर (प्राण्याच्या आकड्यांच्या तक्त्यावर) लिहून भागत नाही. निरोप कोण कुणाला देतं, कशातून देतं आणि तो पोचायला किती वेळ लागतो, एवढं ठरलं की लढाई, माग काढणं, शेवट हे सगळं त्यातूनच निघतं.

काही गोष्टी ग्रुपवर अवलंबून आहेत. एकूण तीन-चार सेशनचाच मामला असेल तर 'राणी मेली, खेळ संपला' हेच ठेवा. त्यात वाईट काही नाही, फक्त ते शेवटच्या सेशनपर्यंत लपवा. लढाईच आवडणारा ग्रुप असेल तर खाली टेहळ्यांबद्दल जे लिहिलंय ते अर्धं गाळा. आणि टेबलावर कुणाला किड्यांची खरोखरची भीती किंवा शिसारी आहे का, हे सेशनच्या आधी फोनवर एकेकट्याला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी खरं सांगत नाही.

सायन्स फिक्शनमध्ये साधारण चार जाती सापडतात. पहिली, एका मेंदूची अनेक शरीरं. एच. जी. वेल्सने 1901 सालीच चंद्राच्या पोटात किड्यांसारखी माणसं वसवली होती: कामाप्रमाणे घडवलेली शरीरं आणि सगळ्यांवर एक अवाढव्य मेंदूचा शासक. दिसायला भव्य, पण खेळात हा प्रकार म्हणजे भिंतीतला एकच प्लग. उपटला की दिवे गेले. दुसरी जात, कुणीच मालक नाही, सगळ्यांचं मिळून एक मन. 'स्टार ट्रेक'मधले बोर्ग 1989मध्ये आले तेव्हा असेच होते आणि म्हणूनच अंगावर यायचे. 1996च्या चित्रपटात त्यांना राणी दिली. समोरासमोर बोलायला चेहरा मिळाला आणि भीती निम्मी झाली, असं माझं मत. तिसरी जात कमी वापरली जाते. व्हर्नर विंजच्या 1992च्या कादंबरीत कुत्र्यासारखे चार ते आठ प्राणी मिळून एक व्यक्ती होते. त्यांचे विचार आवाजातून जोडलेले असतात आणि दुसरा कळप फार जवळ आला की विचारांची सरमिसळ होते.

चौथी जात म्हणजे खऱ्या मुंग्या आणि वाळवी. तिथे मन असं कुणाचंच नसतं. वाळवीचं घरबांधणीचं काम पाहून पियेर-पॉल ग्रासेने 1959मध्ये 'स्टिग्मर्जी' हा शब्द काढला. हुकूम द्यायला कुणी नसतं; आधीच्या वाळवीने लावलेला मातीचा गोळाच पुढच्या वाळवीला सांगतो की आता इथे लाव.

तुमच्या कॅम्पेनला चौथी जात पाया म्हणून आणि तिसरी तोंड म्हणून घ्या. पहिली जात प्लेयरांच्या डोक्यात आधीच आहे. ती त्यांना शेवटपर्यंत चुकवत राहील, तिला हात लावू नका.

आता निरोपाकडे. मी तीन वाहिन्या धरतो आणि प्रत्येकीला एकच गोष्ट सांगता येते असं ठेवतो. वास सांगतो 'इथे'. ठोका सांगतो 'धोका'. स्पर्श सांगतो 'काय आहे ते'. मेलेल्या किंवा जखमी मुंगीचा वास राउंडच्या (लढाईतल्या एका फेरीच्या) शेवटी 30 फुटांपर्यंत जातो. नळात हवा उच्छ्वासाकडे खेचली जाते, त्यामुळे त्या दिशेला 60 आणि उलट दिशेला 10 फूट धरा. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: कात्रजच्या नळावर ठरावीक अंतराने हवेसाठी आणि साफसफाईसाठी जे दगडी मनोरे बांधले, ते उच्छ्वास.) ठोका दगडातून त्याच क्षणी 120 फूट जातो, पण पाणी किंवा चिखल मध्ये आला की मरतो. वाळवीचे सैनिक खरोखरच डोकं आपटून धोक्याचा इशारा देतात, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नाही. स्पर्शाला मात्र मुंगीने स्वतः धावत जावं लागतं.

एवढं ठरवल्याबरोबर प्लेयरांच्या हातातली साधनं जिवंत होतात. सायलेन्स या मंत्राने ठोका थांबतो, वास थांबत नाही. गस्ट ऑफ विंड या वाऱ्याच्या मंत्राने नेमकं उलटं. हौदाचं तोंड उघडून पाणी सोडलं तर वासाची वाट धुऊन जाते. मधमाश्यांच्या धोक्याच्या वासातलं मुख्य द्रव्य पिकलेल्या केळ्यासारखं वासाला येतं, आणि धुराने तो वास झाकला जातो म्हणूनच मधपाळ धुराटी वापरतात. हे तसंच उचला. गजबजलेल्या पेठेत हौदापाशी केळ्याचा वास आला तर पहिल्या वेळी कुणी दचकणार नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही 'केळ्याचा' एवढा एकच शब्द उच्चारलात की टेबल गप्प होईल.

वारूळ किती चवताळलंय हे दाखवायला एक सहा बाजूंचा फासा टेबलावर उघडा ठेवा. लपवू नका; आकडा चढताना दिसणं हाच अर्धा परिणाम आहे. सुरुवात 1वर. जिवंत मुंगीच्या वासाच्या टप्प्यात एखादी मुंगी मेली की एकाने वर, 10 मिनिटं शांततेत गेली की एकाने खाली. 1-2ला कामकरी तुमच्याकडे बघतही नाहीत, दगडाला घालावा तसा वळसा घालून जातात. 3-4ला वाट अडवतात, सैनिक येतात. 5ला गरम गोळा, तो पुढे सांगतो. 6ला लढाई संपते: वारूळ नळाचा तो तुकडा दोन्ही बाजूंनी मातीने बुजवायला घेतं आणि प्लेयर आत असतात. चार राउंडांत वाट बंद. बरेच डीएम सहाला आणखी सैनिक ओततात, तिथेच मुंग्या पुन्हा गोण्या होतात.

शब्दांतून हे दाखवायचं असेल तर आग्या मोहोळ आठवा. पुण्यात उंच इमारतींच्या स्लॅबखाली नाहीतर सिंहगडाच्या कड्यावर लटकलेलं असतं. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ पोट उचलतात आणि पोळ्यावरून एक लाट सर्रकन जाते. फासा चढवताना "मुंग्या सावध होतात" म्हणू नका. "भिंत एकदा शहारली" म्हणा आणि फासा फिरवा.

गरम गोळा हा सातेरी माशीचा डाव. गांधीलमाशी पोळ्यात शिरली की शेकडो माश्या तिला घेरून गोळा करतात, अंग थरथरवून आतलं तापमान 46 अंशांच्या आसपास नेतात. गांधीलमाशीला ते सोसत नाही, माश्यांना सोसतं. खेळात: स्वॉर्मने (एकच शत्रू धरलेल्या थव्याने) पकडलेल्याला दर राउंडला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (चिवटपणाचा फासा), डीसी 12 (निदान एवढा आकडा हवा), चुकला तर एक लेव्हल एग्झॉशन (थकवा). जड चिलखत असेल तर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). एसी 20चा (म्हणजे वार लागायला फार अवघड) चिलखती पॅलॅडिन ज्याला आतापर्यंत कुणी शिवू शकत नव्हतं, त्याला हे पहिल्यांदा लागतं. पण एका लढाईत एका कॅरेक्टरला जास्तीत जास्त दोन लेव्हल, त्यावर नाही. तिसऱ्या लेव्हलला हल्ले आणि सेव्ह सगळेच कोलमडतात आणि पुढचं सेशन झोपण्यात जातं.

लढाईत मुंग्या मोजू नका. वीस मुंग्यांचे वीस इनिशिएटिव्ह (पाळीचे क्रमांक) लावले की एक राउंड अर्धा तास खातो आणि प्लेयर मोबाइल काढतात. जास्तीत जास्त चार एकक ठेवा: दोन स्वॉर्म, सैनिकांची एक तुकडी आणि एक निरोप्या. पुस्तकातला कीटकांचा स्वॉर्म (22 हिट पॉइंट, एसी 12) जसाच्या तसा चालतो. हिट पॉइंट निम्मे झाले की त्याचा मारा निम्मा होतो, हे फार उपयोगी आहे. लेव्हल 4ला हिट पॉइंट 35 करा, बाकी हात लावू नका. अर्धी एककं इनिशिएटिव्ह 20ला, अर्धी 10ला. सगळी एकदम चालवली तर पहिल्याच फेरीत कुणीतरी आडवं होतं. नळ मॅटवर एक चौकोन रुंद काढा. पुढे एकच कॅरेक्टर उभं राहू शकतं, मागच्या चौघांना काहीतरी वेगळं सुचावंच लागतं.

निरोप्या हा या सगळ्याचा कणा आहे. तो लढत नाही. पहिल्या राउंडला काठावर उभा राहून बघतो, दुसऱ्याला शेजारणीच्या मिशांना मिशा लावतो, तिसऱ्याला वळून पळतो. हिट पॉइंट 9, वेग 40 फूट, भिंतीवरून चालतो. तो 120 फूट गाठून निसटला तर या लढाईत प्लेयरांनी वापरलेली एक युक्ती वारुळाला कळली. शॅटरसारखा एकदम अनेकांना लागणारा मंत्र वापरला असेल तर पुढच्या वेळी मुंग्या एकमेकींपासून 15 फूट अंतर ठेवून येतील. निरोप्या मेला तर वारूळ काहीच शिकलं नाही. आता लढाईचं उद्दिष्ट 'सगळ्यांना मारा' राहत नाही, 'त्याला जाऊ देऊ नका' होतं. मेलेल्या मुंग्यांचा आकडा कमी आणि टेबलावरचा आरडाओरडा जास्त.

इथे एक चूक हमखास होते. डीएमला शिकणारं वारूळ इतकं आवडतं की प्लेयरांची प्रत्येक युक्ती निकामी होत जाते. मग त्यांना वाटतं, आपलं कॅरेक्टर शीटच खोडलं जातंय. म्हणून एका सेशनमध्ये एकच धडा, आणि प्रत्येक धड्याची किंमत वारुळानेही मोजायची. 15 फूट अंतर ठेवलं की मुंग्यांना गरम गोळा करता येत नाही, अंगांचा पूल बांधता येत नाही, वाटही अडवता येत नाही. चौकस प्लेयर हे ओळखून शॅटरची नुसती बतावणी करतील. करू द्या.

ओळखीचा वास हा वेगळाच खजिना आहे. मुंगी आपली-परकी ओळखते ती अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून. मेलेल्या मुंगीच्या अंगात काही दिवसांत ओलेइक अॅसिड तयार होतं. ई. ओ. विल्सनने 1958च्या सुमारास ते जिवंत मुंग्यांना लावून पाहिलं, तर सोबतिणींनी त्या हातपाय झाडणाऱ्या मुंग्या उचलून उकिरड्यावर नेऊन टाकल्या. स्वतःला चाटूनपुसून साफ करेपर्यंत त्यांना परत घेतलं नाही. प्लेयरांना हे उकिरड्यावरून कळू द्या: डोकी, पाय, रिकामी कवचं यांचा ढीग आणि त्यात एक जिवंत, पाय हलवणारी मुंगी जिला कुणी आत घेत नाही. मेलेल्या मुंग्यांचा अर्क अंगाला चोळला तर 10 मिनिटं कुणी हल्ला करत नाही, उलट उचलून नेतं. जागचं हलायचं नसेल तर स्ट्रेंग्थ डीसी 13. उकिरडा वारुळाच्या कुठल्या दालनाशेजारी ठेवायचा, हे अर्थात तुम्ही ठरवणार.

लढाईबाहेर वारूळ काय करतंय, यासाठी मधमाश्यांची घर निवडायची रीत घ्या. थवा बाहेर पडला की टेहळ्या माश्या वेगवेगळ्या जागा बघून येतात, नाचून सांगतात, आणि एखाद्या जागेवर साधारण 20 ते 30 टेहळ्या जमल्या की निर्णय झाला. राणी यात कुठेच नसते. टेबलावर: तीन जागा घ्या, समजा दोन हौद आणि एक वाडा. प्रत्येकीला 1 ते 5 गुण द्या (ओल, अन्न, कमी माणसं) आणि दोन-दोन बटणं ठेवा. रोज रात्री प्रत्येक बटणासाठी सहाचा फासा टाका. आकडा गुणांएवढा किंवा कमी आला तर बटण राहतं आणि डब्यातून आणखी एक जोडीला येतं. जास्त आला तर ते परत डब्यात. पाच बटणं जमली की पुढच्या रात्री वारूळ तिथे फुटतं. 4 गुणांची जागा सरासरीने चार रात्रींत भरते, 3 गुणांची रेंगाळते, 2 गुणांची बहुधा विझते.

प्लेयर यात हात घालू शकतात, हीच यातली मजा. उच्छ्वास चुन्याने बुजवला तर एक गुण कमी. ओसाड वाड्यात गुळाच्या ढेपा टाकल्या तर एक जास्त. टेहळी मारली तर एक बटण गेलं. शत्रूशी एक घाव न घालता त्याचं मत फिरवता येतं, हे उमगायला ग्रुपला साधारण दोन रात्री लागतात. तोपर्यंत गुण सांगू नका, बटणं मात्र दिसू द्या.

वारुळाला बोलतं करायचं असेल तर इथे तिसरी जात, म्हणजे छोटा कळप. पाच मुंग्या एकत्र आल्या की एक वाक्य होतं. एकीकडे नावं, एकीकडे आकडे, एकीकडे जागा, एकीकडे वेळ, एकीकडे क्रिया. आणि मराठीत खेळत असाल तर फुकटचा हुकमी एक्का हातात आहे. वारूळ 'मी' कधीच म्हणत नाही. 'मी' म्हटलं की थांबतो की थांबते हा प्रश्न येतो. 'आम्ही थांबतो'मध्ये तो उरतच नाही. वारूळ बोलतं ते असं:

"हौद चार. घरं तेहतीस. आम्ही मोजलं. पाणी खाली गेलं. आम्ही थांबतो."

दोन-तीन भेटी असंच. मग ज्या कॅरेक्टरने अंगाला अर्क चोळला होता, त्याच्याकडे वळून:

"तुझा वास कळला. उद्या आपण खाली जाऊ."

'आम्ही'चं 'आपण' झालं. आवाज चढवू नका, घोगराही करू नका. ज्याच्याकडे बघून म्हणाल त्याला बरोबर कळतं. वेळेची मुंगी मारली तर 'काल', 'उद्या' गळतात, "आम्ही जातो, आम्ही जातो" एवढंच उरतं, आणि त्या रात्री बटणांचे फासे टाकायचे नाहीत. आकड्यांची मारली तर समोर किती जण आहेत हे वारुळाला कळत नाही, एक जण बिनबोभाट सटकू शकतो.

कॅम्पेनला घड्याळ हवं असेल तर मृगाचा पाऊस वापरा. पहिला जोराचा पाऊस झाला की पंखवाली वाळवी दिव्यांवर झेपावते, हे पुण्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमच्या मुंग्याही तेव्हाच उडणार. एका वारुळाची शेकडो होणार. आज गोष्टीत वैशाख चालू असेल तर महिनाभर आहे, तेवढा पुरतो.

राहिली राणी. तुमचे प्लेयर तिच्या मागे लागलेच आहेत, तर अडवू नका. पुढच्याच सेशनला मारू द्या, तेही फार कष्ट न पडता. मधमाश्यांची राणी गेली तर कामकऱ्यांना काही तासांत कळतं आणि लहान अळ्यांतून नवी राणी घडवायला सुरुवात होते. बारा-एक दिवसांत ती बाहेर येते. डायकामा जातीच्या मुंग्यांत वेगळी राणी नसतेच, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. पण तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी आहे रोपॅलिडिया मार्जिनॅटा ही आपल्याकडची कागदी घर बांधणारी गांधीलमाशी. बंगळुरूला राघवेंद्र गडगकरांच्या प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. राणी काढून घेतली की त्याच दिवशी एक कामकरीण भयंकर आक्रमक होते आणि बाकीच्या तिला मुकाट मानतात. ती कोण असेल हे बघणाऱ्याला आधी ओळखता येत नाही. माश्यांना मात्र माहीत असतं असं दिसतं.

तेव्हा तो प्रसंग असा चालवा. राणी पडली. प्लेयर हुश्श करतात, कुणीतरी लुटीचं विचारतं. टेबलावरचा फासा जिथे होता तिथेच ठेवा, 2वर असेल तर 2वर. मुंग्या प्रेताला वळसा घालून अंडी उचलताहेत, पाठीवर माती आहे, कुणी थांबलेलं नाही. परसेप्शन (बारीक नजरेचा फासा) डीसी 14 ज्याला जमेल त्यालाच सांगा, तेही चिठ्ठीवर: चाळिसातली एक, बाकीच्यांपेक्षा जराही मोठी नसलेली, शेजारणींना डोक्याने ढकलत चाललीय आणि त्या बाजूला होताहेत. चिठ्ठी वाचणारा वर बघेपर्यंत ती गर्दीत मिसळलेली असेल.